सुनेचं गाऱ्हाणं

खाजणवाडी
सोमवार, ६ ऑक्टोबर १९५८

मालवणचे पोस्टमास्तर म्हणाले, "बाई, अक्षर बरं आहे, पण हात बसलेला नाही. रोज चार ओळी लिहीत जा." म्हणून ही वही. काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं नाही. सुविचार लिहायचं माझं वय गेलं, तेव्हा घडेल ते लिहीन.

घडलं ते असं. आमच्या खाजणवाडीला पोस्ट मंजूर झालंय. ते कुणाच्या हाती द्यायचं ते ठरवायला आज पोस्टाचे इन्स्पेक्टर साहेब आले आणि गुणाजी गावकाराच्या ओसरीवर बसले. अर्ज दोनच. एक गुणाजीच्या मुलाचा, दाजीचा, आणि दुसरा माझा. सातवी पास मी एकटीच. दाजी सहावीत दोनदा आपटलाय. मला वाटलं, झालं काम. पण साहेब म्हणाले, "प्रेमलताबाई, शिक्षण ठीक आहे. पण सरकारी टपाल एका विधवा बाईच्या हाती द्यायचं, तर तालुक्यातल्या कुणा वजनदार माणसाची शिफारस लागेल. नात्यातली चालणार नाही." साहेब साताऱ्याकडचे, बोलणं सरळ. दाजीला कुणाची शिफारस लागणार, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. जीभ नको तिथे चालते आणि हवी तिथे टाळ्याला चिकटते.

घरी येऊन आयेला सांगितलं. आये म्हणजे माझी सासू, सुभद्रा. पाटी डोक्यावर घेऊन मासे विकते, आणि घरातही बोलते ती भर बाजारात उभी असल्यासारखी. म्हणाली, "शिफारस म्हंजे काय ता?"

म्हटलं, "कोणी मोठ्या माणसान आपल्यासाठी सायबाकडे शब्द टाकूचो."

"मगे गाऱ्हाणाच की ता," म्हणाली आणि बांगडे धुवायला बसली. तिला सगळं देवळातलंच दिसतं. तिच्याशी काय डोकं लावायचं!

नोकरी का हवी ते एकदा लिहूनच टाकते. माझा नवरा गुरुदास मुंबईला गोदीत होता. दोन वर्षांमागे तिथेच तापाने गेला. मूल नाही. माझा भाऊ काशीराम बांद्याला असतो, त्याने तिथला एक कापडवाला माझ्यासाठी बघून ठेवलाय. बायको गेलेली, तीन मुलं. आमच्यात पाट लावतात, त्यात वाईट काही नाही. पण मला तो माणूस नको, ते घर नको, आणि "कुठेतरी लागली एकदाची" असं कुणी म्हटलेलं तर मुळीच नको. काशीराम म्हणतो, देवदिवाळीला न्यायला येतो, मासे विकणाऱ्या म्हातारीच्या जिवावर किती दिवस बसशील? हे मात्र झोंबलं. म्हातारीच्याही मनात तेच असणार. म्हणून देवदिवाळीच्या आत मला शिफारस मिळवायची आहे. मिळवणारच.


शुक्रवार, १० ऑक्टोबर

मालवणला वकिलांकडे गेले. बाकावर बसवलं.

"अर्जदार कुठे आहे?"

"मीच."

"तसं नव्हे बाई. नोकरी कुणाला हवीय?"

"मलाच."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, तरी मीच दिसले. मग म्हणाले, एकदा निवडणुका होऊन जाऊ द्या, मग बघू. निवडणुका गेल्याच वर्षी होऊन गेल्या.


मंगळवार, १४ ऑक्टोबर

मालवणचा पोस्टमन आठवड्यातून एकदा येतो आणि वाडीची सगळी पत्रं गुणाजीच्या ओसरीवर टाकून जातो. मग दाजी ती वाचतो. मोठ्याने. आज शेजारच्या पद्मावतीचं वाचलं. तिचा नवरा मुंबईला आहे, बिचाऱ्याने आपल्या बायकोला म्हणून काही लिहिलं होतं. ते ओसरीवरच्या एकूण एक माणसाने ऐकलं. संध्याकाळी पाणवठ्यावर पोरं तेच शब्द म्हणून खिदळत होती. पद्मावती घागर अर्धीच भरून घरी गेली. दाजीच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं मला, खरंच.

मागच्या आठवड्याचं एक पत्र तिने दाजीच्या हाती पडायच्या आत उचललं होतं, अजून फोडलंही नव्हतं. ते पदराखाली लपवून माझ्याकडे घेऊन आली. "ह्या तू वाच गो." गोठ्यात बसून वाचलं, इतर जणींची वाचते तसंच. काय होतं ते लिहीत नाही. वही अक्षरासाठी आहे, पद्मावतीच्या संसारासाठी नाही.

जाताना गमतीने म्हटलं, "आता तूच माका शिफारस दी."

ती हसली. "माजी शिफारस कोण इचारता गो?"

तेही खरंच.


बुधवार, २२ ऑक्टोबर. दसरा

आज माझं डोकं फिरलंय.

सोनं लुटायच्या आधी सातेरीच्या देवळात गाऱ्हाणं झालं. ते दरवर्षीच होतं. गुणाजी देवीसमोर उभा राहून एकेकासाठी बोलतो, कुणाच्या होडीसाठी, कुणाच्या बाळंतपणासाठी, आणि त्याच्या प्रत्येक बोलण्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गाऱ्हाणं घालायचा मान गावकाराचा. बायकांना तो नाही. होकार द्यायला मात्र आम्ही चालतो!

तर आज गुणाजीने आवाज चढवला. "बा सातेरी आये म्हाराजा! माज्या दाजीन सरकारी चाकरेचो अर्ज केल्यान हा. तेका यश दी. आणि जो कोण आड येता हा, तेका बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!"

आड येणारी मी, आणि बुद्धी मला! पण मला राग त्याचा नाही आला. माझ्या कानाशी सगळ्यात खणखणीत "व्हय म्हाराजा" आला, तो आयेचा होता.

वाटेत तिला धरलं. "आये, दाजीसाठी होय म्हटलंस तू?"

"देवळातलो शब्द तो. गाऱ्हाणा कोणाचाय असांदे, व्हय म्हणूचाच लागता. तोंड शिवून रवूक येता काय?"

"माका येता," मी म्हटलं.

"म्हणान तुका कोण गाऱ्हाण्यात घेणा नाय," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.


सोमवार, २७ ऑक्टोबर

वालावलला जाऊन आले. तिथे भिकाजीराव म्हणून निवृत्त मामलेदार आहेत. त्यांच्या सहीला अजून वजन आहे म्हणतात. सकाळीच तरीवाल्या लवूच्या होडीतून खाडी ओलांडली. भिकाजीराव झोपाळ्यावर होते. माणूस चांगला. चहा दिला, सातवीचा दाखला वाचला, दोन पत्रं लिहून घेऊन अक्षर बघितलं आणि शिफारस द्यायला तयार झाले. मला तर त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. पडलेही.

मग त्यांनी लिहिलेलं वाचलं. "सदरहू बाई कुलीन, मर्यादशील व मितभाषी असून घराचा उंबरठा सहसा ओलांडीत नाही. परपुरुषाशी संभाषण करीत नाही."

म्हटलं, "साहेब, मी उंबरठा ओलांडला म्हणून तर इथे आले. आणि पोस्टात लोकांशी बोलावं लागणार."

"बाई, याहून चांगलं मी माझ्या सुनेबद्दलही लिहिणार नाही."

"पण यात मी कुठे आहे?"

ते दुखावले. झोपाळा थांबवला. मी चिठ्ठी घेऊन निघाले. होडीत ती तीनदा वाचली, दर वेळी जास्त राग आला. ही दाखवली तर साहेब मला पोस्ट देणार नाहीत, फार तर देव्हाऱ्यात बसवतील. आणि समजा दिलंच, तर जन्मभर या चिठ्ठीतल्या बाईसारखं वागायचं? मान खाली घालून? घरी आले आणि चुलीत घातली.

आये बघत होती. "काय गो जाळलंस?"

"शिफारस."

ती फुंकणीने चूल फुंकत राहिली.


मंगळवार, २८ ऑक्टोबर

सकाळी उठल्यावर वाटलं, जाळायची घाई केली. एवढंच लिहिते.


गुरुवार, ३० ऑक्टोबर

पद्मावतीने सांगितलं ते मला आवडलेलं नाही. आये काल तिन्हीसांजेला नारळ घेऊन गुणाजीच्या घरी गेली होती. माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. ओसरीवर दोघं हळू बोलत होती आणि गुणाजी मान हलवत होता, एवढंच पद्मावतीने बघितलं. थोड्या वेळाने आये नारळ परत घेऊनच आली.

गुणाजीकडे हिचं काय काम? दाजीच्या बापाकडे? दसऱ्याचा तो होकार अजून माझ्या कानात आहे. मी विचारलं नाही. नारळ आज आमटीत पडला.


सोमवार, ३ नोव्हेंबर

आये मालवणच्या बाजारातून आज उशिरा आली. अंगावर जत्रेचं लुगडं! मासे विकायला जत्रेचं लुगडं कोण नेसतं? चेहरा असा, जणू मोठी लढाई मारून आली.

"खंय गेल्लंस?"

"जंय घालूचा थंय घातलंय. गुणाजी काय एकटोच आसा?"

"काय घातलंस?"

"सांगलंय तर फळाचा नाय," म्हणाली आणि स्वतःशीच हसत पाय धुवायला गेली. म्हातारपणी माणसं अशी होतात. आजकाल तिचं काही कळत नाही मला.

मी दुसऱ्या कुणाकडे जायचं ते ठरवतेय. धामापूरच्या शाळेचे हेडमास्तर आहेत. नंतर मालवणच्या डॉक्टरीणबाई. कोणीतरी मला बघून लिहील. थकणार नाही मी.


गुरुवार, १३ नोव्हेंबर. भाऊबीज

धामापूरचे हेडमास्तर म्हणाले, आमच्या भाच्याचाच अर्ज दुसऱ्या गावी आहे, तुम्हाला दिली तर बरं दिसणार नाही. डॉक्टरीणबाई पुण्याला गेल्यात.

काशीराम आला होता. मी ओवाळलं. त्याने ओवाळणीत लुगडं घातलं. कुणाच्या दुकानातलं ते न सांगता कळलं. जेवायच्या आधी त्याने आयेसमोरच विषय काढला. "देवदिवाळेक येतंय, भयणीक घेवन जातंय. तुमचा काय म्हणणा?"

मी आयेकडे बघत होते. एक शब्द तरी बोलेल, वाटलं. नको नेऊ म्हण, थांब म्हण, काहीतरी म्हण.

"तुजी भयण," ती म्हणाली. "न्हेवची तर न्हे. माका इचारू नको."

म्हणजे झालं तर. मी गेले तर हिला सुटल्यासारखंच होईल. इतकी वर्षं एका चुलीवर रांधलं, आणि एका वाक्यात मोकळी झाली. फार लागलं मला ते.

जेवताना काशीरामाला सोलकढी वाढायची राहिली आणि आमटी तर खारट ढोण झाली होती, मीठ दोनदा पडलं असणार. आयेचं जेवण कधी बिघडत नाही. वय झालं आता तिचं.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

पोस्टाच्या कचेरीचा कागद आला, पोस्टमनने माझ्याच हाती दिला. असाच्या असा उतरवते.

"आपल्या सासू श्रीमती सुभद्रा यांनी या कचेरीत समक्ष येऊन आपल्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडले आहे. सदर तक्रारीची चौकशी इन्स्पेक्टर साहेब मंगळवार, ता. २५ रोजी जागेवर करतील. तोवर आपला अर्ज तहकूब ठेवण्यात येत आहे."

दोनदा वाचला. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात.

जत्रेचं लुगडं नेसून गेली होती! गुणाजीकडे नारळ, मग कचेरीत गाऱ्हाणं. सगळं जुळलं. आये बाजारातून आली तशी दारातच उभी राहिले.

"आये, सायबाकडे माजा गाऱ्हाणा घातलंस तू?"

दचकली नाही की लाजली नाही. पाटी खाली ठेवून कमरेवर हात ठेवले. "घातलंय. तुका कोणी सांगल्यान?"

"कित्याक घातलंस?"

"कित्याक म्हंजे? माजी सून, माजो हक्क. इचारतीत तर परत घालतलंय!"

अशी बाई! तोंडावर सांगते! आत गेले आणि काशीरामाला पत्र लिहायला घेतलं, आताच येऊन ने म्हणून. दोन ओळी लिहून थांबले. हिने ढकललं म्हणून मी जाणार? नाही. चौकशी होऊ दे. साहेबांसमोर हिला विचारीन, माझं काय चुकलं ते सांग. मग नोकरी मिळो न मिळो.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आयेशी बोलत नाही. सकाळी पाटी घेऊन निघताना ती दारात घुटमळते. मी पाठ करून तांदूळ निवडते. काल तिने बांगड्याच्या पोटातली गाबोळी स्वतः न घेता माझ्या पानात वाढली. खाल्ली, पण बोलले नाही.

मन खात असेल तिचं. खाऊ दे.


मंगळवार, २५ नोव्हेंबर

आज सगळं लिहिते, कितीही पानं लागली तरी.

साहेब म्हणाले, चौकशी कुणाच्या ओसरीवर नको, सगळ्यांच्या जागी करू. म्हणून सातेरीच्या मंडपात बसलो. सगळी वाडी लोटली होती. पुढे गुणाजी आणि दाजी, मागे खांबाला टेकून बायका. दाजीने नवी टोपी घातली होती. आये परत त्याच जत्रेच्या लुगड्यात. मी तिच्याकडे बघितलंच नाही.

साहेबांनी कागद काढला. "सुभद्राबाई, सुनेविरुद्ध तुमचं गाऱ्हाणं कारकुनानं लिहून घेतलंय. 'सून तोंडानं तिखट आहे, कुणाचं ऐकत नाही, घरात तिचा पाय ठरत नाही.' बरोबर?"

"बरोबर," आये म्हणाली. दाजी हसला. "पण तेणा अर्द्याच लिवल्यान. जेवणाची येळ झाली म्हणान उठान गेलो."

"मग उरलेलं आता सांगा."

"हंय? देवीच्या फुडे?"

"हो. सगळ्यांसमोर."

आये उठली. पदर कमरेला खोचला, देवीच्या समोर जाऊन उभी राहिली, साहेबांकडे पाठ होणार नाही अशी जरा तिरकी, आणि हात जोडले. गुणाजी अर्धा उठला. "सुभद्रा, अगो, बायलमाणसान ह्या करूचा नसता—"

"तू घातलंस असतंस तर माका कित्याक घालूचा लागला असता?" आये गरजली. "नारळ घेवन इल्लंय तुज्या दारात. सुनेसाठी गाऱ्हाणा घाल म्हणान पाया पडलंय. नाय म्हटलंस. आता गप बस."

नारळ! आमटीत पडला तो!

"बा सातेरी आये म्हाराजा! आणि ह्ये पोस्ताचे सायब म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडपातून आपोआप आलं. सवयच ती.

"माजो एकच झिल होतो. मुंबयक गेलो तो परत येवक नाय. तेचो मी कोणाक बोल लावूक नाय."

"व्हय म्हाराजा!"

"जाताना ही सून माज्याकडे ठेवन गेलो. तोंडान तिखट आसा. कोणाचा ऐकणा नाय. घरात पाय ठरणा नाय. देवाफुडे खोटा सांगूचा नाय."

"व्हय म्हाराजा!" हा होकार जरा जास्तच मोठा आला. दाजी तर अगदी मनापासून ओरडला.

"पाय कित्याक ठरणा नाय? कोणाची चिठी इली काय धावता म्हणान. ह्या वाडयेतल्या सगळ्या बायलांच्या चिठ्ये हिणा वाचल्यान. एक गजाल तोंडातसून भायर पडूक नाय. माका सुद्धा सांगूक नाय, आणि मी इचारून इचारून दमलंय!"

"व्हय म्हाराजा!" हा खांबांकडून आला. नुसत्या बायकांचा. त्यात पद्मावतीचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

आये थांबली. आवाज खाली आला. बाजारातला नव्हता तो. मी तो आधी ऐकला नव्हता.

"तर म्हाराजा, ही चाकरी हिका मिळांदे. हिका कोण न्हेवक इलो तर तेका वाट गावा नको. हिचा पाऊल माज्या घरात रवांदे. माका दुसरा कोण नाय."

मग एक जाड आवाज आला, जन्मभर दुसऱ्यांकडून होकार घेतलेला. गुणाजी डोळे मिटून हात जोडून उभा होता.

"व्हय म्हाराजा!"

आणि त्याच्यामागून सगळ्या मंडपाचा.

साहेब कागद हातात धरून तसेच. "गावकार, आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. हे काय होतं?"

गुणाजीने डोळे उघडले. आपण काय करून बसलो ते त्याला तेव्हा कळलं असावं. साहेबांशी बोलताना तो शुद्ध बोलतो. "नाही साहेब. आमच्यात दुसऱ्यासाठी देवाकडे शब्द टाकतात, त्याला गाऱ्हाणं म्हणतात."

"म्हणजे शिफारस."

"तसंच म्हणा."

"आणि हे 'व्हय म्हाराजा'?"

गुणाजीने दाजीकडे बघितलं, देवीकडे बघितलं. तिच्यासमोर काय सांगणार? "ती... ती गावाची सही, साहेब."

"तुमचीही ऐकली मी," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, सासूची शिफारस मला धरता येत नाही. गावाची धरावी लागेल. वर लिहितो." आणि त्यांनी कागदावरचा 'विरुद्ध' हा शब्द खोडला.

मी रडले. भर मंडपात, साहेबांसमोर, पदर तोंडाला न लावता रडले. मर्यादशील बाई!

घरी आल्यावर आयेला कागद वाचून दाखवला, मला काय वाटलं होतं ते सांगितलं. ती ऐकत राहिली. "म्हंजे मी तुजी चाडी केलंय, असा वाटला तुका?"

"होय."

ती भाकरी थापत बसली. मी ही वही काढून पहिलं पान वाचलं. 'मगे गाऱ्हाणाच की ता.' माझ्याच अक्षरात आहे. सातवी पास झाले मी, आणि ते एवढंसं वाक्य वाचता आलं नाही.


शुक्रवार, १२ डिसेंबर. देवदिवाळी

हुकूम अजून आलेला नाही. काशीराम मात्र आला. बैलगाडी बाहेर उभी केली आणि म्हणाला, "चल, सामान घे."

म्हटलं, "काशीराम, हुकूम येवंदे नाय तर रवंदे. मी हंयच रवतलंय. कापडवाल्याक सांग, लुगडा बरा होता."

"आणि खातलंस काय?"

"पाटी आसा घरात. एकीच्या जाग्यार दोघी इकू."

तो खूप बोलला. मी ऐकून घेतलं, भाऊच तो. आये मागच्या दारी मासे साफ करत होती. आत आली नाही, पण कोयतीचा आवाज मात्र थांबला होता. जेवायला वाढताना तिने काशीरामाला सोलकढी दोनदा वाढली, आणि तिसऱ्यांदाही विचारलं.


सोमवार, १२ जानेवारी १९५९

हुकूम शनिवारी आला. आज पोस्ट उघडलं. आमच्याच पडवीत. लाल पेटी भिंतीला लागली. टेबलावर वजनकाटा आणि शिक्का आहे. पद्मावतीने तिच्या नवऱ्याला पत्र टाकलं, स्वतः पेटीत हात घालून. दाजीसुद्धा आला होता. एक कार्ड घेतलं, माझ्याकडे न बघता गेला. जाऊ दे.

दुपारी सगळे गेल्यावर आये आली. एकेक वस्तूला हात लावून बघत होती. टेबलावर सरकारने दिलेली एक जाड वही आहे, तिच्यावर बोट ठेवलं.

"ह्या काय?"

"तक्रार-बुक. कोणाक पोस्ताबद्दल काय वाईट वाटला तर ह्येच्यात लिवचा."

"तक्रार म्हंजे?"

"घाटावरचा गाऱ्हाणा."

"मगे पयला माजा लिव."

मला वाटलं, थट्टा करते. पण तिने पदर खोचला. टेबलासमोर सरळ उभी राहून हात जोडले.

"बा पोस्तमास्तरणी म्हाराजा! माजी सून सबंद आठवडो माज्याशी बोलूक नाय. मी तिका गाबोळी वाढलंय, ती खाल्ल्यान, तरी बोलूक नाय. मी कचेरीत जावन तिच्यासाठी पाया पडलंय, आणि तिका वाटला मी चाडी केलंय. माका घर खावक उठला, म्हाराजा."

पडवीत दुसरं कोणी नव्हतं. होकार द्यायला गाव नव्हतं, गुणाजी नव्हता. आये हात जोडून तशीच उभी होती, एक डोळा किलकिला करून माझ्याकडे बघत. तिचे ओठ थरथरत होते. हसू होतं की काय होतं, मला सांगता येत नाही.

मी टाक खाली ठेवला. उठून उभी राहिले आणि हात जोडले.

"व्हय म्हाराजा," म्हटलं.